आखाजीला माहेरी जाऊ का?

ये, बस अशी. रविवारी उपासना सुटल्यावर तू माझा हात धरून विचारलंस, ‘ताई, यंदा आखाजीला माहेरी जाऊ का नको?’ मागे चार बाया उभ्या होत्या, म्हणून मी नुसतं ‘बोलू नंतर’ म्हणाले. तेव्हापासून तुझा तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

बाप्तिस्मा होऊन तुला अजून वर्षही झालेलं नाही. सभेत रडलीस, मन हलकं झालं, वाटलं आता सगळं नवं. घरी आलीस तर सासू तीच, दुकानाची उधारी तीच आणि तुझा रागही तोच. आता तुला धास्ती पडलीय, की ते सगळं खोटं तर नव्हतं? ते खरं ठरवायला तू माहेर सोडायला निघालीस. हो की नाही?

मीही यातून गेलेय गं. एका वर्षी तीन दिवसांची सभा करून साक्रीला परतले. डोळे सुजलेले, ओठांवर गाणं. दुसऱ्या सकाळी नळाला पाणी आलं आणि जावेनं माझ्या हंड्याआधी तिची कळशी लावली. मी तिला जे बोलले ते आजही तुला सांगवत नाही. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, ‘कालच ना आल्या सभेहून?’ लाजेनं दोन दिवस बायबल उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माफी मागायला जावेच्या दारात गेले. ती भरताची वांगी भाजत होती. वर बघितलंच नाही. ‘दोन काटक्या सार आत,’ एवढंच म्हणाली. मी सारल्या. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचंच आहे असं दोघींनी धरून चाललो. सभेतलं एकही प्रवचन मला आता आठवत नाही, तो धूर आठवतो.

तुला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ दिलंय ना मी? कपाटात ठेवू नकोस, वाच. त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या कितीतरी वर्षं नवऱ्यापासून लांब राहिल्या. पुढे नगरला एकत्र आल्या तरी सुरुवातीला त्यांचं सोवळं तसंच होतं. जातपात देवानं केलेली नाही, माणसानं केलीय, हे त्यांना आधी उमगलं. मग सोवळं सुटलं. आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर, 1900 मध्ये. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी! तू मात्र एका वर्षात हिशेब मागतेस. आणि टिळकांचं म्हणशील, तर बाप्तिस्म्यानंतर ते एका रात्रीत शांत झाले असं ते पुस्तक वाचून कुणीही म्हणणार नाही. त्यांचा तापटपणा बाईंनी हसत हसत, पण काही न लपवता लिहिलाय. म्हणून मला ती माणसं जवळची वाटतात. नुसती पुण्यवान असती तर मी दहा पानांत पुस्तक मिटलं असतं.

प्रार्थनेचंही तसंच. तू म्हणतेस, ‘ताई, मला पाळकांसारखं बोलता येत नाही.’ नकोच बोलूस. पंडिता रमाबाई केवढ्या विदुषी, संस्कृत मुखोद्गत. पण केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतलं ते साध्या भाषेत, खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या त्याच कामात होत्या. 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. एवढ्या मोठ्या बाईनं आपल्यासाठी भाषा सोपी केली, आणि आपण देवापुढे उभं राहताना ती अवघड करायची? मी तर अहिराणीतच बोलते. ‘देवबा, आज माले भलता राग उना.’ झाली प्रार्थना. रात्री गच्चीवर उभी राहते, लांब डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे उघडमीट करत असतात, आणि दिवसभरात ज्याच्याशी बिनसलं त्याचं नाव घेते. फक्त नाव. पुढचं काही सुचलं तर बोलते, नाहीतर खाली येऊन झोपते. जावेचं नाव कितीतरी महिने घेतलं, तेव्हा कुठे ते घेताना दात आवळायचे थांबले. विश्वास म्हणजे काय असं मला विचारशील तर मी एवढंच सांगेन, की ते नाव मी एक रात्रही चुकवलं नाही.

आता तुझी आखाजी.

तुझी आई वर्षभर त्या अक्षय्य तृतीयेची वाट बघते. लिंबाला झोका बांधलेला असतो, खापरावर मांडे, आमरस, बहिणी-भावजया. तू गेली नाहीस, तर गावात ‘येशूनं पोर तोडली’ असंच म्हणतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. पितरांची घागर भरायची वेळ यायच्या आधीच तू आईला एकटीला गाठून सांग, की यात मी बसणार नाही, पण भांडी मी घासते. सांगताना आवाज खाली ठेव. प्रवचन देऊ नकोस. भाऊ चिडला तर चिडू दे, उलट बोलू नकोस. पुढच्या वर्षी तो थोडा कमी चिडेल. गाणी मात्र म्हण. माहेरच्या गाण्यात सासूला जेवढ्या शिव्या असतात तेवढ्या म्हणायला माझी परवानगी आहे, पण तुझ्या सासूला कळू देऊ नकोस म्हणजे झालं.

आणि एक. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे ठाऊक आहेत ना? ते नगरला टिळकांच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. ते हिंदू होते, हिंदूच राहिले. 1918 मध्ये भादलीच्या स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा 28 वर्षांचेही नव्हते. ज्या घरानं स्वतःच्या श्रद्धेपायी नातलग गमावले, त्याच घरानं दुसऱ्याच्या पोराला त्याच्या श्रद्धेसकट आत घेतलं. प्रीती कशी करायची हे मला कुणी विचारलं, की मी हीच गोष्ट सांगते.

तेव्हा पिशवी भर. आईला लुगडं ने, रिकाम्या हातानं जाऊ नकोस. नवरा कुरकुरला तर त्याला माझ्याकडे पाठव. आणि परत येताना चार मांडे माझ्यासाठी आण. दोन मी जावेकडे देईन.