शालेय क्रीडांगणावरील आरोग्यरक्षक
शालेय क्रीडाक्षेत्रातील यशाचे मोजमाप सामान्यतः ढाली व पदके यांवरूनच केले जाते. परंतु मैदानावर उतरलेला प्रत्येक विद्यार्थी सायंकाळी सुखरूप घरी परतला, हे यशही थोडके नव्हे. अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत ही जबाबदारी ‘ॲथलेटिक ट्रेनर’ या स्वतंत्र व्यावसायिकावर सोपविलेली असते. नावावरून वाटते तसा तो खेळ शिकविणारा प्रशिक्षक नव्हे. दुखापती टाळणे, झाल्यास तत्काळ उपचार करणे आणि जायबंदी खेळाडूस क्रमाक्रमाने पुन्हा खेळण्यायोग्य बनविणे, हे त्याचे कार्य होय.

या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. १९९० मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने या कार्यास आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आज या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यास मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

या ज्ञानाची कसोटी काही मिनिटांत लागते. उन्हात सराव करताना एखादा खेळाडू भ्रमिष्टासारखा बोलू लागला आणि त्याच्या शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी बर्फाच्या पाण्याच्या टाकीत त्याचे शरीर प्रथम थंड करावयाचे व त्यानंतरच रुग्णालयात हलवावयाचे, असा दंडक आहे. पहिल्या अर्ध्या तासात हे साधले, तर प्राण वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

डोक्यास मार बसल्यावर मात्र निर्धाराची परीक्षा असते. सामना अटीतटीचा, खेळाडू संघाचा आधारस्तंभ आणि प्रेक्षकांचा आग्रह. तरीही त्यास मैदानाबाहेर बसविण्याचे धैर्य लागते. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा करून, मेंदूस धक्का बसल्याचा संशय असलेल्या विद्यार्थ्यास वैद्यकीय लेखी अनुमतीवाचून खेळविण्यास मनाई केली. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले.

या व्यवसायात कामाची वेळ शाळा सुटल्यावर सुरू होते. सुटीचे दिवसही सामन्यांत जातात. टाळ्या मात्र इतरांच्या वाट्यास येतात. असे असूनही अनेकांना हे कार्य कृतार्थतेचे वाटते. कारण नववीत आलेला मुलगा बारावीपर्यंत त्यांच्या नजरेखाली वाढतो, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धावणारी मुलगी हेच त्यांचे पदक असते.

महाराष्ट्रातील शाळांत ही जबाबदारी बहुधा क्रीडाशिक्षकच पार पाडतात. कबड्डी वा खो-खोच्या मैदानाजवळ प्रथमोपचार पेटी, थंड पाणी व बर्फ असावा; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणी बोलवावयाची, हे आधीच ठरलेले असावे. यास फारसा खर्च नाही. ग्रामपंचायत व शाळा यांनी सामन्यांपूर्वी एवढी सिद्धता केली आणि ‘आज तू खेळणार नाहीस’ असे सांगणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या, तर क्रीडांगणे अधिक निर्धोक होतील.