बिघाड झाला तरी चालणारी यंत्रणा : बारावीनंतरची एक वाट

१९ जुलै १९८९. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटातलं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. सुकाणू हलेना, पंखांवरचे पृष्ठभाग हलेनात. कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढे नासाने हीच कसरत संगणकाला शिकवली आणि १९९५ साली एमडी-११ विमान नुसत्या इंजिनांच्या जोरावर सुखरूप उतरवलं.

संगणकाचा हुकूम प्रत्यक्ष हालचालीत उतरवते ती मोटर, झडप किंवा दट्ट्या म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. तो बंद पडला तर उरलेल्यांवर काम कसं चालवायचं, हे आधीच ठरवून ठेवणाऱ्या इंजिनिअरांचं हे क्षेत्र आहे.

चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा बंद पडला, की उरलेल्या तिघांना ड्रोनचं स्वतःभोवती फिरणं थांबवता येत नाही. मग ते थांबवायचा हट्टच सोडायचा. ड्रोनला गरगरू द्यायचं, उंची आणि जागा मात्र सांभाळायची. झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करून दाखवलं आहे. काय सोडायचं आणि काय शेवटपर्यंत धरून ठेवायचं, हा निर्णय गणितात मांडणं हाच या कामाचा गाभा. त्याआधी आणखी एक अवघड प्रश्न असतो: मोटर खरंच बंद पडली, की सेन्सर चुकीचं सांगतोय?

आता पालकांचा प्रश्न: ‘ब्रँच कोणती घ्यायची?’ इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, एरोस्पेस, कुठूनही इथे येता येतं. पुण्याच्या सीओईपीत इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल आहे. गेट देऊन आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलमध्ये एमटेक करता येतं. ब्रँचच्या नावापेक्षा मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इस्रो, लढाऊ विमानं, ड्रोन, गाड्यांचे ब्रेक आणि स्टीअरिंग, सगळीकडे हे काम लागतं. सॉफ्टवेअरइतक्या जागा मात्र निघत नाहीत, आणि बहुतेक चांगल्या कामांसाठी एमटेक करावंच लागतं, हे घरात आधीच बोलून घ्या.

कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला एवढंच विचारा: गणित मार्कांसाठी करतोस, की सुटेपर्यंत चैन पडत नाही म्हणून? दुसरं उत्तर आलं, तर पहिल्या पगाराच्या आकड्यावरून ही वाट बंद करू नका.