ज्ञानाची वहिवाट व बियाण्याची नोंद

शेतकरी बंधूंनो, जमिनीची वहिवाट कितीही जुनी असली तरी दप्तरी नोंद नसेल तर ती सिद्ध करताना किती यातायात पडते, हे आपणांस सांगणे नको. ज्ञानाच्या वहिवाटीचेही तसेच आहे.

जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक. असे असता १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास याच उपयोगाचे पेटंट, म्हणजे ठराविक मुदतीचा एकाधिकार, अमेरिकेत मिळाले. त्या वेळच्या तेथील कायद्याने परदेशातील नुसती वहिवाट पुराव्यास पुरत नसे. छापील लेख लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

यावरून सर्वच ज्ञान उघड्यावर मांडावे काय? तसेही नव्हे. पुढे सरकारने पारंपरिक ज्ञानाचा मोठा संग्रह सिद्ध केला. तो प्रथम सर्वांस खुला न करिता करारान्वये पेटंट कचेऱ्यांस दाखविला. सगळे उघडे केले तर त्यावर परका धंदा उभारील. सगळे झाकले तर परीक्षकास पुरावा मिळणार नाही.

बियाण्यांविषयी २००१ सालच्या वाण-संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने हाच मेळ घातला आहे. नवे वाण काढणाऱ्यास हंगामी पिकांत १५ वर्षे हक्क मिळतो. संशोधकास नोंदलेले वाण प्रयोगासाठी वापरता येते. शेतकऱ्यास त्याचे बी राखणे, पेरणे, देणेघेणे व विकणे मोकळे आहे. मात्र नोंदलेल्या वाणाचे बी छापाच्या पिशवीतून विकता येत नाही. शेतकऱ्याने स्वतः जतन केलेले वाणही नोंदविता येते व त्यास फी पडत नाही.

सबब पाटण, कोयना खोऱ्यातील ज्यांच्या घरी पिढीजात भात, नाचणी वा वरीचे वाण असेल, त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. वाणाचे नाव, ओळखीच्या खुणा, पेरणी-कापणीचा काळ व ते किती वर्षे राखले, हे वहीत लिहावे.

२. कोणी संशोधक बी मागावयास आल्यास नाही म्हणू नये. पण कोणास, केव्हा, किती व कशाकरिता दिले, याची सही घ्यावी.

३. गावाचे सामाईक वाण एकट्याच्या नावे न करता सर्वांच्या विचाराने नोंदवावे.

बी मुठीत दाबून ठेवणाऱ्याचे बी किडते. नोंदीवाचून वाटणाऱ्याचे नाव बुडते. दोन्ही टाळणे आपल्याच हाती आहे.