त्या लेकरांच्या आया कुठे आहेत?

वांद्रे

प्रिय बाय,

तुझ्या संस्थेचं आवाहन आता वांद्र्यातही पोचलंय. आपल्या पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय. कडेवर एक मूल, दोघं कमरेला बिलगलेली, आणि खाली आईबाप नसलेल्या लेकरांसाठी पैशांची मागणी. त्यापाठोपाठ अशीही बातमी आली की तुझं सेवेचं वर्ष संपलं तरी तू परतणार नाहीस, तिकडे कंबोडियात सिएम रीपजवळ स्वतःचं बालगृह काढणार आहेस. कितपत खरं ते तूच कळव. तुझा बाप ऐकून गप्प बसलाय, आणि तो गप्प बसला की घरात काय होतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण तो फोटो पाहिल्यापासून एकच प्रश्न मला छळतोय आणि या पत्रात मी तो पुन्हा पुन्हा विचारणार आहे. रागावू नकोस. त्या लेकरांच्या आया कुठे आहेत?

तू म्हणशील, आया नाहीत म्हणूनच तर बालगृह. पण कंबोडियाचे आकडे वेगळं सांगतात. 2005 ते 2010 या काळात तिथली बालगृहं सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. ख्मेर रूजची खुनी राजवट 1979 मध्ये गेली, उरलीसुरली लढाई नव्वदच्या दशकात थांबली. म्हणजे अनाथ होण्याची कारणं घटत होती आणि अनाथालयं वाढत होती! वाढले होते ते पर्यटक आणि देणगीदार. 2011 मध्ये युनिसेफच्या मदतीने तिथल्या सरकारने पाहणी केली, तेव्हा बालगृहातल्या दर चार मुलांपैकी तिघांची आई किंवा बाप, निदान एक जण, हयात असल्याचं दिसलं. या आयांना मी दोष देत नाही. शाळा लांब, घरात खाणारी तोंडं जास्त, आणि कुणी दारात येऊन सांगतं की तुमच्या पोराला पोटभर जेवू घालू, इंग्रजी शिकवू. जव्हार-मोखाड्याचे आईबाप याच कारणासाठी पोरांना आश्रमशाळेत ठेवतात. फरक एवढाच की दिवाळीला, उन्हाळ्याला ती पोरं घरी जातात, आणि त्यांचे आईबाप मेलेत असं जगाला कुणी सांगत नाही. तुझ्या फोटोखाली मात्र तसंच छापलंय. ज्या बाईने भूक पाहून काळजावर दगड ठेवून मूल दिलं, तिला त्या एका ओळीने मारून टाकलं. तो फोटो आधी काढून टाक.

मुलं तुला सोडत नाहीत, असंही तू तुझ्या बापाला लिहिलंस म्हणे. माझी झोप उडाली ती याच वाक्याने. घरात वाढलेलं तीन वर्षांचं पोर परका माणूस दिसला की आईच्या पदराआड दडतं आणि तिथून एका डोळ्याने बघतं. जे पोर दारात आलेल्या कुणाच्याही कडेवर चढतं, नाव न विचारता गळ्याला मिठी मारतं, त्याला माया मिळतेय असं आपल्याला वाटतं. अभ्यासकांना त्यात तुटलेल्या नात्याची खूण दिसते. रुमानियात 1989 च्या डिसेंबरात चाउशेस्कूची सत्ता कोसळली तेव्हा लाखभराहून अधिक मुलं सरकारी संस्थांत होती. पुढे 2000 च्या सुमारास बुखारेस्टमध्ये अशा 136 मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे दिली, उरलेली नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, मेंदूची वाढ, माणसाशी जडणारं नातं, सगळंच सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. आता हिशोब कर. तुझ्यासारख्या मनमिळाऊ मुली तिथे येतात, वर्षभर जीव लावतात आणि विमानात बसतात. मग दुसरी येते. तू चांगली आहेस म्हणूनच तुझं जाणं त्या पोराला जास्त लागेल. आणि न जाता वीस खाटांची आई होऊन राहिलीस तरी एका बाईला किती हात असतात?

तू मला हिल रोडकडे बोट दाखवशील. आपली संत स्टॅनिस्लॉस शाळा 1863 मध्ये अनाथ मुलांसाठीच सुरू झाली ना? झाली. पंडिता रमाबाईंचं केडगावही तू काढशील. त्यांच्याबद्दल मला बोलायचंच आहे. दुष्काळात स्वतःचे आईबाप आणि बहीण गमावलेली ती बाई 1896-97 च्या दुष्काळात मुली वाचवायला निघाली, तेव्हा गावंच्या गावं ओस पडत होती. त्या मुलींच्या आया खरोखर उरल्या नव्हत्या, किंवा उपासमारीमुळे मुलींना परत न्यायच्या अवस्थेत नव्हत्या. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं ते योग्यच. शिवाय रमाबाई परक्या नव्हत्या. त्यांनी मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. त्याच्या आधीची गोष्टही विसरू नकोस. 1893 मध्ये रमाबाईंच्याच शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतराची बोंब उठली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद कुणाला कसाही वाटो, पालकांना मुली काढून नेता तरी आल्या. तुझ्याकडे येणाऱ्या मुलाची आई मैलोन्‌मैल दूर आहे, तिला वाचता येत नाही, आणि तिच्या पोराचं ताट तुमच्या हातात आहे. त्या ताटासमोर बसून पोर जी प्रार्थना शिकेल ती त्याची स्वतःची म्हणता येईल का? मला ख्रिस्ताचं नाव भुकेच्या बदल्यात नको आहे. तुलाही नको असेल, तुला मी ओळखते.

आणि प्रभूने काय केलं ते बघ. नाईन गावच्या विधवेचा मुलगा उठवला तो कुठल्या मठात नेला नाही, त्याच्या आईच्या हवाली केला. याईराच्या मुलीला उठवलं तेव्हा आईबाप खोलीतच होते, आणि तिला काहीतरी खायला द्या म्हणून त्यानेच सांगितलं. मुलांना आशीर्वाद दिला तो आणणाऱ्यांनी आणलेल्या मुलांना. याकोबाच्या पत्रातही अनाथ आणि विधवा एकाच दमात येतात, म्हणजे लेकरू आणि त्याची माय. आपण मायेला वगळून लेकरू तेवढं उचलतो आणि त्याला सेवा म्हणतो.

काही मुलं खरोखर उघड्यावर असतात, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी आधी आजी, मावशी, काका शोधायचे, मग सांभाळणारं कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर संस्था. संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, आपला 2015 चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. कंबोडियाच्या सरकारनेही बालगृहातली 30 टक्के मुलं घरी परत पाठवायचं ठरवलं होतं. म्हणजे तुझ्यासाठी काम भरपूर आहे, फक्त ते फोटोत येण्यासारखं नाही. एकेका पोराचं गाव शोधायचं, आईला सायकल किंवा शाळेची फी किंवा दोन डुकरं द्यायची, महिन्याने पुन्हा जाऊन बघायचं. त्यासाठी ख्मेर भाषा यायला हवी. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात उपयोगी पडला तो त्याला तिथली भाषा लोकांसारखी येत होती म्हणून. पोरपणी जाऊन शिकला, व्यापारात ती वापरली, आणि फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन परतला तेव्हा धर्मगुरूंचा दुभाषी तोच. 1597 च्या फेब्रुवारीत नागासाकीला क्रुसावर गेला ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीची वर्षं कुणी सांगत नाही.

कठोर लिहिलं गं. तुझ्या वयात मलाही असंच दूर जावंसं वाटे, ते राहून गेलं, त्याची रुखरुख अजून आहे. तू गेलीस याचा मला अभिमान आहे आणि तुझ्या बापालाही आहे, तो बोलणार नाही. तेव्हा बालगृहाचं तेवढं सोड, राहायचं असेल तर खुशाल राहा. भाषेच्या शिकवणीचे पैसे मी भरते, ते संस्थेकडे मागू नकोस. पावसात तिकडे डेंग्यू फार, मच्छरदाणी घेतलीस का? सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला येता आलं तर ये, नाही आलं तरी त्या मुलांपैकी एकाची आई सापडली की लगेच कळव. तिचं नाव मला सांग, नोव्हेनात घेईन.

तुझी,
आत्या