पेणचा वाचक मुंबईत का दिसतो?

रामवाडीत बसून मी पेण परिसरावरची एक लहानशी वेबसाइट चालवतो. भाच्याचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे, त्याच्या साइटचं लचांडही माझ्याच गळ्यात. वाचक मोजायची चार-पाच साधनं आजवर वापरून झाली. त्यात जे ठेचकाळून कळलं ते असं.

१. आधी घड्याळ बघा. गूगल अ‍ॅनालिटिक्सचं खातं उघडताना मी नुसतं ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत गेलो. टाइम झोन अमेरिकेचाच राहिला, आपल्या साडेबारा तास मागे. चतुर्थीला सकाळी टाकलेल्या लेखाची गर्दी आदल्या दिवशीच्या खात्यात पडली आणि मी हरतालिकेवरच्या जुन्या लेखाचं कौतुक करत बसलो. नंतर झोन बदलला, पण तो पुढच्या आकड्यांना लागू झाला. मागचे तसेच राहिले.

२. पेणचा वाचक मुंबईत दिसतो. मोबाइलवरून येणाऱ्याचं गाव आयपी पत्त्यावरून ताडलं जातं आणि तो पत्ता बऱ्याचदा फोन कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा निघतो. एका मिठाईवाल्यांनी जाहिरात देण्याआधी विचारलं, “यातले पेणचे किती?” पडद्यावर मुंबईच मुंबई. साधन बदलून उपयोग नाही, सगळीच आयपीवर विसंबतात. शेवटी त्यांनीच गल्ल्याजवळ वही ठेवली: ‘साइटवर वाचून आलो’ म्हणणाऱ्याच्या नावानं एक रेघ. इतकं खात्रीचं मोजमाप मला पुन्हा मिळालेलं नाही.

३. ‘डायरेक्ट’ म्हणजे बहुधा व्हॉट्सअ‍ॅप. गटात फिरलेली लिंक कुठून आली हे साधनाला कळत नाही, म्हणून ते तिला ‘डायरेक्ट’च्या पोत्यात टाकतं. लिंकच्या शेवटी यूटीएमची खूण जोडली की थोडा उलगडा होतो. (त्यातला ‘यू’ अर्चिनचा, ही कंपनी गूगलनं २००५मध्ये घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स आलं.) मात्र लोक ती खुणेची लिंकच पुढे फेसबुकवरही चिकटवतात, आणि मग खूणही खोटं बोलते.

४. मराठी लेखाचा पत्ता रोमनमध्ये ठेवा. देवनागरीतलं एक अक्षर किंवा काना-मात्रासुद्धा पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ खुणांची जागा खाते. वर्डप्रेसमध्ये पत्त्याची मर्यादा २००. ‘पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला उन्हाळा’ हा पत्ता ‘कारखान’पाशीच तुटला. पुढे ‘पावसाळा’ लिहिला, तोही तिथेच तुटला आणि त्याच्या शेपटीला २ लागला. अहवालात दोन्ही म्हणजे टक्क्यांच्या रांगा. कुठला कुठला, देव जाणे.

५. दोन साधनांचे आकडे जुळवायला जाऊ नका. यात माझा एक अख्खा मे महिना गेला. सर्व्हरच्या नोंदींवरून मोजणारं एडब्ल्यूस्टॅट्स सगळ्यात उदार, कारण ओळख न देता येणारे यंत्रमानवही त्यात माणसं म्हणून बसतात. गूगल आणि मटोमो पानातल्या स्क्रिप्टवर चालतात, त्यामुळे जाहिराती अडवणारं अ‍ॅप असलं की वाचक हिशेबातून गळतो. प्लॉझिबल कुकी ठेवतच नाही आणि वाचकाची ओळख रोज पुसतं. म्हणजे आज आलेले काका उद्या आले की नवे काका, आणि महिन्याची बेरीज फुगते. गूगलची व्याख्या तर वेगळीच: दहा सेकंदांहून जास्त थांबला किंवा दोन पानं पाहिली की तो ‘गुंतलेला’. दहा सेकंदांत आमच्याकडे लेखाचं शीर्षकही वाचून होत नाही. आता मी एकच साधन धरतो आणि त्याची तुलना त्याच्याशीच करतो.

६. साधन निवडताना ते उघडणार कोण, हे विचारा. चार्टबीट किंवा पार्सली मोठ्या वृत्तपत्राच्या डेस्कला शोभतात. कुठला मथळा आत्ता चालतोय हे बघून तो बदलायला तिथे माणूस बसलेला असतो. माझ्याकडे रात्री दहानंतर मीच. मटोमो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं की आकडे आपल्या घरात राहतात, याचं मला फार अप्रूप होतं. पण अपडेट, बॅकअप, फुगणारा डेटाबेस हे सगळंही घरातच आलं. वर्षभरानं सोडलं. प्लॉझिबलला दरमहा पैसे पडतात, पण सगळं एका पानात दिसतं आणि मी ते खरंच उघडतो.

भाच्याला आकडे नकोच होते. त्याला मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी लावून दिलं. ते फुकट आहे आणि पाहुण्याचं बोट पानावर कसं फिरलं ते चित्रफितीसारखं दाखवतं. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, हे सगळे फोन नंबरवर टकटक करतायत आणि काहीच होत नाहीये!” नंबर फोटोत छापलेला होता. दुसऱ्या दिवशी तो दाबता येईल असा केला.

७. आकडे उतरवून ठेवा. गूगलनं जुनं अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ला थांबवलं आणि वर्षभरानं त्यातली माहितीही गेली. सूचना येत होत्या, मी ‘बघू’ म्हणत राहिलो. कित्येक गणेशोत्सवांचे आकडे गेले. नव्यात तपशील मुळात दोनच महिने राहतो, स्वतः जाऊन तो चौदा करावा लागतो. गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये सोळा महिने. आता दर महिन्याच्या एक तारखेला सगळं कोष्टकात उतरवतो.

त्या कोष्टकामुळेच आणखी एक कळलं. बऱ्याच साधनांत ‘मागच्या वर्षीच्या याच तारखांशी तुलना’ असं बटण असतं. पण चतुर्थी २०२३ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ला ७ सप्टेंबरला, २०२५ला २७ ऑगस्टला. बटण दाबलं की एका वर्षी धंदा दुप्पट, दुसऱ्या वर्षी बुडालेला. भाच्याच्या परदेशातल्या गिऱ्हाइकांचं तर अजून निराळं. मूर्ती जहाजानं जायच्या, म्हणून त्यांची चौकशी उन्हाळ्याआधीच सुरू होते. भाच्यानं कोष्टकात तारखेशेजारी एक रकाना वाढवला: ‘चतुर्थीला किती दिवस’. तो रकाना तो हातानंच भरतो, कालनिर्णय पुढ्यात ठेवून.