टुना जिगिंगचा स्पिनिंग सेट: निवडायचा कसा, वापरायचा कसा, विकायचा कसा

गेल्या व्हिडिओत आपण बोललो की महाग माल विकणाऱ्या छोट्या दुकानाचं भांडवल चुकीच्या खरेदीत कसं अडकतं. आज त्याचंच एक उदाहरण, थेट माझ्या लालबागच्या काउंटरवरून. खोल समुद्रात टुना पकडायचा स्पिनिंग सेट. तुम्ही फिशिंगचं दुकान टाकणार नसाल तरी वाचा, कारण कॅमेरा, सायकल, जिमचं सामान, सगळीकडे हिशोब असाच चालतो. आणि कोळीवाड्यातली जी पोरं हौशी लोकांना बोटीवर न्यायचा धंदा सुरू करू पाहतायत, त्यांच्यासाठी तर हा पूर्ण धडाच आहे.

गिऱ्हाईक दुकानात येतं ते एकच प्रश्न घेऊन: "दादा, टुनासाठी चांगलं रील कुठलं?" नवा दुकानदार लगेच काचेतून तीन रीलं काढून समोर मांडतो. थांबा. आधी विचारा, "जाणार कुठे?"

पाणी कुठलं, मासा कुठला

मुंबईसमोर समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून पाण्याखाली जे पठार पुढे जातं ते आपल्याकडे खूप रुंद, आणि दक्षिणेला केरळाकडे जाताना अरुंद होत जातं. मुंबई हायचं तेलक्षेत्र इथून साधारण १६० किलोमीटर आत आहे, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच. म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघून संध्याकाळी ४० किलोचा यलोफिन टुना घेऊन परत येऊ, असं कोणी सांगत असेल तर तो स्वप्न विकतोय. (तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती मासा जमतो हे खरं, पण त्यांच्या ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात बोट न्यायला बंदी आहे. तुमचा गिऱ्हाईक तसा बेत सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवा.)

आपल्या किनाऱ्यावर हौशी माणसाला मिळतो तो कुपा. काही जण गेदर म्हणतात. ससून डॉकच्या लिलावात पाहिला असेल, पाठीवर तिरक्या रेघा असलेला. बहुतेक दोन ते पाच किलोचा, पण वजनाच्या मानाने जोर जबरदस्त. रत्नागिरी, मालवणकडे जाणाऱ्याला हाच भेटेल, आणि त्याच पाण्यात सुरमईही भेटेल. मोठा यलोफिन हवा असेल तर आपला गिऱ्हाईक अंदमानला जातो. विमानाचं तिकीट, राहणं, दिवसाचं बोटभाडं धरलं तर त्या सहलीपुढे सेटची किंमत कमीच. वर्षातून एकदा जाणारा माणूस, एकच मोठा मासा लागतो आणि एका स्वस्त कडीपायी सुटतो. असा माणूस तुमच्या दुकानात परत येत नाही, आणि का येत नाही तेही सांगत नाही.

म्हणून मी दुकानात दोनच टुना सेट ठेवतो. कुपा सेट आणि यलोफिन सेट.

आधी दोरी, मग रील

दोरीच्या डबीवर पीई नंबर असतो. हा जपानी मापाचा नंबर दोरीची जाडी सांगतो, ताकद नाही. पीई ४ ची दोरी पीई १ च्या चौपट जाड वाटते ना? प्रत्यक्षात व्यास फक्त दुप्पट असतो. ताकद कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून डबीवरचा पौंडाचा आकडा वेगळा वाचायचा.

कुपा सेटला पीई २, साधारण ३० पौंडाची. यलोफिनला पीई ५, साधारण ८० पौंडाची. ३०० मीटर तरी हवीच. पुढे लीडर, म्हणजे जाड नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनचा दीड-दोन मीटरचा तुकडा, कारण वेणीची दोरी खडकाला किंवा बोटीच्या काठाला घासली की लगेच तुटते. सुरमईचं पाणी असेल तर लीडर जाड घ्या किंवा जिगच्या वर वीतभर तार लावा. तिचे दात लीडर ब्लेडसारखा कापतात.

आता ड्रॅग. रीलच्या खोक्यावर "२५ किलो ड्रॅग" लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. साधा हिशोब समजवा: ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते ३० टक्के ठेवायचा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, म्हणजे ड्रॅग साडेतीन-चार किलो. ८० पौंड म्हणजे ३६ किलो, म्हणजे ड्रॅग नऊ ते अकरा किलो. हलत्या बोटीवर उभं राहून दहा किलोची ओढ पाच मिनिटं सोसून बघा, कंबर बोलायला लागते. मग २५ किलोचे जादा पैसे कशासाठी? खोक्यावरच्या सर्वात मोठ्या आकड्यापेक्षा ड्रॅग झटके न देता सुरळीत सुटतो का, याला महत्त्व आहे.

हे तोंडी सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं. विमानतळावर जायच्या आधी बॅग मोजायचा तो आकड्याचा छोटा काटा असतो ना, तो काउंटरवर ठेवा. रॉडला रील लावा, दोरी कड्यांमधून ओवून काट्याला बांधा, रॉड गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि तुम्ही काटा ओढा. चार किलोला ड्रॅग कुरकुरायला लागला की त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. माझी अर्धी विक्री या काट्याने होते.

एवढं ठरल्यावर रील निवडणं सोपं. जेवढी दोरी ठरली तेवढी स्पूलवर मावली पाहिजे. कुपाला साधारण ५००० ते ६००० मापाचं, यलोफिनला १४००० च्या आसपासचं. पण लक्षात ठेवा, हे नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. शिमानोचं ८००० आणि पेनचं ८५०० शेजारी ठेवून बघा. म्हणून नंबर बघू नका, स्पूलवर छापलेली दोरीची क्षमता बघा. वेणीची दोरी स्पूलवर घसरते, तेव्हा खाली आधी थोडी नायलॉनची दोरी गुंडाळायची. हे न केल्यामुळे "रीलचा ड्रॅग खराब आहे" म्हणत परत आलेली रीलं मी पाहिली आहेत. रील उत्तम होतं, आत अख्खी दोरी गोल फिरत होती.

रॉड साडेपाच ते सव्वासहा फुटांचा जिगिंगचा, त्याच्यावर लिहिलेला पीई आकडा आपल्या दोरीशी जुळणारा. लांब रॉड दिसायला रुबाबदार, पण उभ्या दोरीवर लांब रॉड म्हणजे माशाच्या हातात दिलेली मोठी पहार.

वीस रुपयांची कडी

जिगचं वजन खोलीवर ठरतं. अंदाजाला मीटरमागे तीन ग्रॅम. ४० मीटर पाण्यात १२० ग्रॅम. ओढ जास्त असेल तर वाढवा. स्वस्त जिगचा शिसं-रंग चालून जातो, मासाही तक्रार करत नाही. त्याच्यावर येणारा हुक आणि स्प्लिट रिंग मात्र काढून टाका. मोठ्या माशाला ती कडी उघडते, पिनेसारखी सरळ होते. चांगली कडी, वर एक मजबूत असिस्ट हुक, बस. सेट विकताना मी कड्या स्वतः बदलून देतो, पैसे लावून देतो, आणि गिऱ्हाइकाला जुनी कडी पक्कडीने उघडून दाखवतो.

वापरायला शिकवा, नाहीतर माल परत येईल

जिग सोडताना दोरीचे रंग मोजायचे. बहुरंगी दोरीचा रंग दर १० मीटरला बदलतो, म्हणजे ४० मीटरला चार रंग. खाली पोहोचली की बेल हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही. मग एक झटका, एक फेरा, एक झटका, एक फेरा. मासा बऱ्याचदा जिग खाली पडत असतानाच घेतो, तेव्हा दोरी एकदम सैल पडली तरी गुंडाळून ताण घ्या. पृष्ठभागावर कुप्याचा थवा उसळताना दिसला तर तांडेलला सांगा, बोट थव्यात घालू नको. बाजूला थांबून जिग थव्याच्या पुढे टाकायची. स्पिनिंगचा खरा फायदा इथेच: तोच सेट लांब फेकायलाही चालतो आणि सरळ खाली सोडायलाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मासा दोरी घेऊन पळत असताना हँडल फिरवायचं नाही. स्पिनिंग रीलमध्ये ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवलं की दोरी आत येत नाही, फक्त पिळ बसतो. ६:१ गिअरचं रील असेल तर हँडलच्या दहा फेऱ्यांत साठ पिळ. पुढच्या वेळी दोरी फेकली की गुंताच गुंता. नवीन माणूस घाबरून नेमकं हेच करतो. दुसरं, रॉड डोक्यावर उभा धरायचा नाही, तिथेच मोडतो. रॉड खांद्यापर्यंत, छोटे छोटे उपसे, खाली आणताना गुंडाळा. टुना शेवटी बोटीखाली गोल गोल फिरतो. लांब जाताना धरून ठेवा, आपल्याकडे वळला की गुंडाळा. आणि दोरी कधीही हाताला गुंडाळून ओढायची नाही. बोट कापलं जातं, हातमोजे असले तरी.

मासा बोटीत आला की लगेच रक्त काढून बर्फात. टुना उन्हात पडला तर त्याच्यात हिस्टामाइन तयार होतं, खाल्ल्यावर अंगावर लाली येते, खाज सुटते, आणि ते शिजवून जात नाही. बोट चालवणाऱ्यांनो, बर्फाचे पैसे वाचवू नका.

आता पैशाचं

समजा तुमच्याकडे दोन लाख आहेत. बहुतेक जण पंधरा-वीस वेगवेगळी रीलं भरतात, काच छान दिसते, आणि वर्षभराने निम्मी तिथेच असतात. त्याऐवजी असं करून बघा. कुपा सेट ९,००० च्या खरेदीने सहा, म्हणजे ५४,०००. यलोफिन सेट २८,००० च्या खरेदीने दोन, म्हणजे ५६,०००. दोरी, लीडर, जिग, हुक, कड्या यांत ५०,०००. उरलेले ४०,००० हातात, ऑर्डरप्रमाणे मागवायला. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या घाऊक व्यापाऱ्याकडून तुमचे काढा. पण यलोफिन सेट दोनच का, हे समजलं तर बाकी समजलं: तो मोजक्या लोकांना लागतो, आणि ते लोक महिनाभर आधी तिकीट काढतात. आगाऊ घेऊन मागवता येतो.

रीलची किंमत गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाईलवर बघणार. तिथे भांडू नका, मार्जिन कमी ठेवा. दोरी मशिनवर ताणून भरणं, एफजी गाठ मारून देणं, ड्रॅग काट्यावर लावून देणं, हे मोबाईलवर मिळत नाही. याचे वेगळे पैसे बिलात लिहा. फुकट दिलेल्या कामाला किंमत उरत नाही, आणि उद्या बंद केलं तर गिऱ्हाईक रागावतं. रील बाहेरून घेतलं असेल तरी दोरी भरून द्या. जिग आणि कड्यांसाठी तो तुमच्याकडेच येणार.

अंदमानवाल्याला एक गोष्ट न विचारता सांगा: २०० ग्रॅमचे वीस जिग म्हणजे चार किलो. विमानात चेक-इनला बऱ्याचदा १५ किलोच मिळतात, आणि हुक, जिग केबिनमध्ये चालत नाहीत. दहा जिग पुरेत. हो, माझी विक्री निम्मी होते. पण तो परत आल्यावर मित्रांना घेऊन येतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हळूहळू फोन सुरू होतात. तेव्हा माल ऑगस्टमध्ये पोहोचेल अशा बेताने मागवा, एप्रिल-मेमध्ये नाही. पावसाळ्याचे दोन महिने रील सर्व्हिसिंगला ठेवा. प्रत्येक सेटसोबत एका कागदावर मराठीत लिहून द्या: बोटीवरून आल्यावर ड्रॅग घट्ट करून रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराच्या पाइपने नाही, सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. कागदाच्या खाली तुमचा सर्व्हिसिंगचा दर आणि दुकानाचा नंबर.