पंप नंतर, सई, आधी गळती

सई, तू बांधते आहेस त्या विमानाच्या फ्लॅपला हातपंप कुठला घेऊ असं विचारत तू चार फोटो पाठवलेस. फोटो मग बघू. आधी मला हे सांग, पूर्ण फ्लॅप खाली सोडून तू उतरते आहेस आणि नेमकी तेव्हाच नळी फुटली, तर तुझं विमान काय करेल? याचं उत्तर ड्रॉइंगवर दिसेपर्यंत एक रुपयाही खर्चू नकोस. माझी निम्मी नोकरी हायड्रॉलिक्सच्या टेस्ट रिगपुढे गेली. गळत नाही असं सील मी अजून पाहिलेलं नाही. काही लवकर गळतात, काही उशिरा, एवढाच फरक.

तुला हातपंप खरंच हवा का, हेही विचारून घेते. ताई आहे, विचारणारच. पायपर चेरोकीत दोन सीटच्या मधे एक साधा लिव्हर असतो. ओढला की फ्लॅप खाली, आणि किती खाली ते हातालाच कळतं. क्लबातल्या सेसना १५२ला बटण आणि मोटर. दोन्ही उत्तम. हलक्या विमानाला मी आधी लिव्हरच सुचवते, कारण त्यात गळायला काही नसतंच. पण तुझा हिशेब निराळा आहे. छोट्या धावपट्टीसाठी तू फ्लॅप मोठे घेतलेस. ७५ नॉटला रॉडवर १५० किलोचा जोर येतो आणि रॉड १०० मिलिमीटर सरकतो, असं तूच काढलंस. लिव्हरच्या मुठीला फार तर अर्धा मीटर फिरायला जागा आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्यात हाताला ३० किलो. बसल्या बसल्या, एका हाताने, डोळे धावपट्टीवर ठेवून! नाही जमायचं. आणि बॅटरीवर विसंबायचं नाही हा तुझा हट्ट मला पटतो. तेव्हा हातपंप, ठरलं.

आणि कुणी हसलं तर हसू दे. कॅनडाचं बीव्हर १९४७ साली पहिल्यांदा उडालं. जंगलातल्या तळ्यांवर उतरणारं दणकट विमान, त्याचे फ्लॅप पायलट हातपंपानेच खाली करतो, आणि ती विमानं आजही उडताहेत. आपल्या हवाई दलाने वापरलेलं ऑटर म्हणजे त्याचंच थोरलं भावंड. साठच्या दशकातल्या मूनी विमानांतही हाच प्रकार होता. दांडा काही वेळा मारायचा की फ्लॅप खाली, कळ सोडली की हवेच्या दाबाने आपोआप वर.

आतली रचना गाडीच्या जॅकसारखीच. छोटा पिस्टन, मोठा पिस्टन, मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि तेल परत सोडायला एक सोडकळ. आकड्यांत बघ. सिलिंडर २५ मिलिमीटर व्यासाचा घेतलास तर १५० किलोला चौरस सेंटिमीटरला साधारण ३० किलो दाब होतो आणि पूर्ण फ्लॅपला ४९ सीसी तेल लागतं. पंपाचा पिस्टन १२ मिलिमीटरचा, स्ट्रोक ६० मिलिमीटरचा, तर एका हाताला सात सीसीसुद्धा नाही. सातआठ वेळा दांडा मारावा लागेल, पण सहापट लिव्हरेज असेल तर जोर सहाच किलोचा. पिस्टन १८चा केलास की तीन-चार हातांत काम होतं, जोर मात्र १३ किलोवर जातो. तुला सहा किलोचा मोह पडणार, मला माहीत आहे. पडू देऊ नकोस. डावा हात स्टिकवर असतो, उजव्या हाताला थ्रॉटलही सांभाळायचं असतं. शेवटच्या वळणावर आठ वेळा पंप मारणं म्हणजे आठ वेळा थ्रॉटल सोडणं. शिवाय हवेचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. ७५ऐवजी ६५ नॉटला फ्लॅप घेतलेस तर १५० किलोचे ११३च उरतात. १८चा पिस्टन घे आणि वेग आधी कमी करायची सवय लाव.

आता नळी फुटण्याचं. तेल एकाच बाजूने ढकलतं, परत येतं ते हवेच्या जोराने, असा सिलिंडर घे. मग गळती झाली तर फ्लॅप वर जातात, खाली अडकून बसत नाहीत. बिनफ्लॅपचं उतरणं तू शिकलेलीच आहेस, धावपट्टी जास्त लागते इतकंच. पण हळूहळू वर जाणं आणि धाडकन वर जाणं यात जीवाचा फरक आहे. तीनशे फुटांवर, कमी वेगात, फ्लॅप एका झटक्यात वर गेले तर पंखाखालचा आधारच जातो आणि विमान खाली बसतं. म्हणून तेल परत येण्याच्या वाटेवर रिस्ट्रिक्टर हवा. तो कुठे बसवतेस, तेच खरं. तुझ्या ड्रॉइंगमध्ये तो सोडकळीजवळ आहे, कारण तिथे पाना घालायला सोपं. सोय आहे खरी, पण नळी फुटते ती त्याच्या अलीकडे, सिलिंडरच्या बाजूला, आणि मग तुझा रिस्ट्रिक्टर कोरडा बसून राहतो. तो सिलिंडरच्या तोंडावरच बसव. आत जाताना तेल मोकळं, बाहेर येताना चिंचोळी वाट. मग नळी तुटो की सोडकळ बिघडो, फ्लॅप आपल्या गतीनेच वर जातील. रिलीफ व्हॉल्व्हही ठेव, ४० किलो दाबाच्या आसपास उघडणारा. चुकून जास्त वेगात फ्लॅप खाली राहिले तर ते स्वतःच थोडे मागे सरतील, पंखाचं नुकसान टळेल.

दोन पंखांना दोन सिलिंडर ही तुझ्या मित्राची कल्पना मात्र खोडून टाक. वजन समान वाटलं जाईल म्हणे! तेलाला समानता कळत नाही, जिकडे जोर कमी तिकडे ते आधी धावतं. एक फ्लॅप खाली, दुसरा अर्ध्यावर, आणि विमान कुशीवर. सिलिंडर एकच, तो टॉर्क ट्यूबला लावायचा, आणि त्या ट्यूबवरून दोन्ही फ्लॅप. फ्लॅप किती अंश खाली आहेत हे दाखवणारा काटाही त्याच ट्यूबवरून घे. दांडा किती वेळा मारला यावरून अंदाज बांधायचा नाही, तेल गळत असलं की ती मोजणी खोटी ठरते.

सोडकळ स्प्रिंगची घे, हात काढला की आपली बंद होणारी. हे मी बंगळूरच्या जक्कूर विमानतळासाठी सांगते. ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर. एप्रिलच्या दुपारी पारा ३४वर गेला की विमानाला तीच हवा जवळपास सहा हजार फुटांइतकी विरळ लागते. अशा हवेत उतरणं सोडून पुन्हा वर जायची वेळ आली तर पूर्ण फ्लॅपसकट इंजिन दमतं. तेव्हा फ्लॅप थोडे वर, वेग धर, मग आणखी थोडे, असं टप्प्याटप्प्याने जमायला हवं. उघडी राहणारी कळ फ्लॅप पूर्ण वर जाईपर्यंत मधे थांबूच देत नाही.

तेलाचं ऐक. जे. सी. रोडला गाडीचा ब्रेक मास्टर सिलिंडर स्वस्तात मिळतो, दिसायला तंतोतंत, हे मलाही माहीत आहे. पण गाडीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि त्याची रबरं त्याच्यासाठीच बनवलेली. विमानाचं लाल तेल, ५६०६, खनिज तेल आहे. गाडीच्या सीलवर ते ओतलंस तर सील फुगतात, पिस्टन अडकतो. उलट केलंस तर विमानाची नायट्राइल सील खराब होतात, आणि सांडलेलं ब्रेक ऑइल रंगही खातं. तेव्हा लाल तेल, नायट्राइल ओ-रिंग, आणि टाकीवर ठळक अक्षरांत तेलाचं नाव. पीन्याच्या वर्कशॉपमधून सिलिंडर होनिंग करून घे, तिथले लोक त्या कामात तरबेज आहेत, पण ओ-रिंग तू स्वतः बसव.

आणि कागद! कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, २०१६ साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, तरी नोंदणी हातात पडायला २०१७ सालचा नोव्हेंबर उजाडला. तुझा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक बदल तारखेसह वहीत हवा. एकदा कागद मंजुरीला गेले की रिस्ट्रिक्टरची जागा बदलणंसुद्धा नवं प्रकरण होतं, म्हणून ही कटकट आत्ताच करते आहे.

मावशी परवा म्हणालीच, बनशंकरीत राहून मराठी पोरीला विमान कशाला सुचतं म्हणून. तिला घाटग्यांचं नाव सांग. वि. मा. घाटगे कोल्हापूरकडचे, गटिंगेनला प्रांटलकडे शिकून इथे आले. १९५१ साली उडालेलं एचटी-२ विमान त्यांचं, १९५८चं पुष्पकही त्यांचंच. क्लबांतल्या कितीतरी वैमानिकांचे हात पुष्पकवर बसले. ते सगळं याच बंगळूरात झालं. मावशी तरी ऐकणार नाही, पण तू सांग.

बरं, आता काम. सिलिंडर बसला की हवा नीट काढ, वरच्या टोकाचा नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत. दांडा लिबलिबीत लागला तर आत हवा आहे, पुन्हा काढ. मग फ्लॅप पूर्ण खाली घेऊन, १५० किलोला पुरतील इतक्या वाळूच्या पिशव्या अशा लाव की फ्लॅप वर ढकलला जाईल, कडेला खडूची खूण कर आणि रात्रभर तसंच सोड. सकाळी खूण किती मिलिमीटर सरकली ते मोज. दुसऱ्या दिवशी त्याच भाराखाली सिलिंडरच्या तोंडाशी नळी मुद्दाम सैल कर, खाली ट्रे ठेवून, आणि पूर्ण फ्लॅप वर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघ. दहा सेकंदांच्या आत गेले तर रिस्ट्रिक्टरचं भोक बारीक करायचं. हे दोन आकडे मला पाठव, फोटो नकोत. कुठला पंप घ्यायचा ते त्यानंतर पाच मिनिटांत ठरवू.